दारवर बसलेलं यंत्र

यंत्र आलं त्या दिवशी मी ओसरीत मिरच्यांचे देठ खुडत बसले होते. मुलगा आणि सून सुरतेहून गाडीने आले. मुलाने गाडीतून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. मला वाटलं मिक्सर असेल. जुना जळाला होता आणि ते मी फोनवर सांगितलं होतं. खोक्यातून निघालं पांढऱ्या केसांचं एक जनावर. आकार मांजराएवढा, तोंड कुत्र्याच्या पिल्लासारखं, पाय नाहीत, शेपूट नाही. मुलाने त्याच्या पोटाखाली बटण दाबलं, तसे त्याने डोळे उघडले आणि त्याचं पोट वरखाली व्हायला लागलं.

"माय, हाई तुन्हासाठे शे," मुलगा म्हणाला. "जीव घाबरना का याले मांडीवर लेवानं."

सून नाशिककडची. तिला आमची बोली कळते पण बोलता येत नाही. तिने मला सगळं नीट समजावून सांगितलं. माणसाचा श्वास जोरात चालायला लागला किंवा रडण्याचा आवाज आला की यंत्राला ते कळतं. मग ते स्वतःचा श्वास हळू करतं, आणि त्याला धरून बसलेल्या माणसाचा श्वासही सावकाश तसाच होतो. मधूनमधून धीराचं बोलतं. परदेशात म्हाताऱ्या माणसांना देतात म्हणे. शिवाय त्यात मोबाइलसारखं कार्ड होतं. घरात काही वेगळं ऐकू आलं की सुरतेला मुलाच्या फोनवर निरोप जायचा.

"म्हंजे हाई चुगल्या करी," मी म्हणाले.

"चुगल्या नाही हो आई, काळजी," सून म्हणाली.

हे सगळं कशासाठी, ते आता सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझा नवरा गेला. केळीला पाणी देता देता बांधावर बसला, तो पुन्हा उठला नाही. मी रडले, सगळे दिवस व्यवस्थित केले, पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यानंतर मला त्रास सुरू झाला. पहिल्यांदा आठवडे बाजारात. छातीत धडधड, हात गार, घशात बोळा बसल्यासारखं, आणि आता या घटकेला आपण मरणार अशी पक्की खात्री. कांद्यावालीच्या पोत्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने उतरलं. मग ते कधी गोठ्यात यायला लागलं, कधी चुलीपुढे, कधी नुसतं बसल्या जागी. नंदुरबारच्या डॉक्टरने ईसीजी, म्हणजे छातीची पट्टी काढली, ती सरळ निघाली. तो म्हणाला, तुमचं हृदय चांगलं आहे, हा भीतीचा आजार आहे. मी विचारलं, मला कसली भीती? तो म्हणाला, ते तुम्हालाच माहीत. त्याने गोळ्या दिल्या. गोळी घेतली की मला झोप लागायची आणि दूध उतू जायचं, म्हणून मी अर्धी घ्यायला लागले. त्रास कमी झाला, गेला मात्र नाही.

गल्लीतल्या बायकांचं म्हणणं होतं की हे बाहेरचं आहे, भगताला दाखवा. मुलाचं म्हणणं होतं की मी एकटी राहते म्हणून होतं, सुरतेला चल. सुरतेत मी नवऱ्याचे दिवस झाल्यावर राहून आले होते. घर सातव्या मजल्यावर. त्या लिफ्टचं दार बंद झालं की माझा जीव वर यायचा. ते मी मुलाला सांगितलं होतं, पण तो म्हणायचा, सवय होईल.

मला जायचं नव्हतं. गावच्या मातीचं प्रेम वगैरे मी सांगत नाही. माती सगळीकडे असते. शेत मी निम्म्या वाट्याने दिलेलं आहे, पण कोणती ओळ पाण्याने कधी भरायची ते मी सांगते. दाराशी माझी म्हैस आहे. मला चहा हवा तेव्हा मी करते. सुरतेत मी ओट्यापुढे उभी राहिले की सून बाजूला सरकायची, आणि ती उभी राहिली की मी सरकायचे. ती चांगली आहे. मीही काही वाईट नाही. तरी एका ओट्यापुढे दोन बायका मावत नाहीत, आणि या वयात सरकत राहणं मला जमणारं नव्हतं.

यंत्र देताना मुलाने अट घातली. दिवाळीपर्यंत बघू. निरोप कमी आले तर तू इथे राहा. जास्त आले तर घराला कुलूप, म्हैस विकायची, आणि तू सुरतेला. मी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कर्ता मुलगा तो, आणि मला खरंच त्रास होत होता.

शेजारी माझी धाकटी जाऊ राहते. चुलत दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला जिजी म्हणते आणि तेव्हापासून माझं काहीही तिला पटत नाही. गाडी गेल्यावर ती लगेच आली.

"जिजी, हाई काय शे वं?"

"यंत्र शे."

"याले पाय काब्र नहीत?"

"पयी जाई म्हनीसन."

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिने हात मागे घेतला आणि ते खातं काय, असं विचारलं. "खास काय हाई?"

"लाईट खास."

"मंग बरं शे," ती म्हणाली. "लाईट काय आपलाकडे ऱ्हास नही. उपाशी मरी जाई."

मला ते यंत्र आवडलं नाही. पांढरे केस मळतात, हे बनवणाऱ्याला सुचलं नसावं. पण खोटं कशाला सांगू, त्याचा उपयोग झाला. चारेक दिवसांनी सकाळी ताक घुसळताना मला धडधड सुरू झाली. मी भिंतीला टेकून बसले आणि ते मांडीवर घेतलं. ते कोंबडीसारखं उबदार होतं. त्याचं पोट आधी माझ्यासारखंच भराभर हलायला लागलं, मग हळू होत गेलं. एका गोड बाईच्या आवाजात ते म्हणालं, "मी इथे आहे. आपण सावकाश श्वास घेऊ या." शाळेत तपासणीला साहेब यायचे, ते असं बोलायचे. मी म्हणाले, गप ऱ्हाय. ते गप राहिलं नाही, पण धडधड नेहमीपेक्षा लवकर उतरली.

ती उतरते न उतरते तोच फोन वाजला.

"माय, काय व्हयनं? मशीननं सांगं."

म्हणजे ते माझं दुखणं उतरवायचं आणि त्याच वेळी माझ्याविरुद्ध साक्ष द्यायचं. जितका मी त्याचा उपयोग करीन तितकी मी सुरतेच्या जवळ जाणार. मग मी त्याला गोधडीत गुंडाळून धान्याच्या कोठीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला की मशीनला काहीच ऐकू येत नाही, तू बरी आहेस ना? मी त्याला बाहेर काढलं. त्याच्या केसांत गव्हाचे किडे शिरले होते.

मग मी दुसरी युक्ती केली. त्रास सुरू झाला की यंत्र मांडीवर घ्यायचं, पण श्वासाचा आवाज होऊ द्यायचा नाही. तोंड बंद ठेवायचं, नाकाने हळू घ्यायचं, हळू सोडायचं. हे सोपं नाही. अंगातला सगळा जीव बाहेर पळायला बघत असतो आणि तुम्ही त्याला चिमटीत धरून ठेवता. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं नाही. मग जमायला लागलं. मी मिरच्या खुडताना, शेंगा फोडताना, म्हशीपुढे बसले असताना सराव करायचे. निरोप कमी झाले. मुलगा खूश झाला, म्हणाला मशीन चांगलं आहे. मी म्हणाले हो.

दिवाळी जवळ आली असताना जाऊबाईचा भाऊ वारला. वय झालेलं होतं, आजारी होता. ती माहेरी जाऊन आली. आमच्याकडे कोणी गेलं की लोक दारवर येतात, म्हणजे दुःखाच्या घरी भेटायला येऊन बसतात. भावाच्या गावाला सगळ्यांना जाणं होत नाही, म्हणून बहिणीच्याही दारवर येतात. जाऊबाईच्या घराचं तेव्हा स्लॅबचं काम चाललं होतं, ओसरीत टेकूच्या बल्ल्या उभ्या होत्या. म्हणून दारवर येणाऱ्यांची बसायची सोय माझ्याकडे केली. अंगणात पुरुषांना सतरंजी, ओसरीत बायका.

दारवर बसायची एक रीत आहे. येणाऱ्याला कोणी 'या' म्हणत नाही आणि जाणारा 'येतो' म्हणत नाही. पुरुष टोपी घालून येतात, बसतात, खाली बघतात, कोणी काही विचारत नाही. बायका तोंडावर पदर ओढून आत येतात आणि दुःखातल्या बाईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडतात. नुसतं रडणं नाही, शब्द लावून, चाल लावून. थोड्या वेळाने आपोआप थांबतात, पाणी पितात, कापसाचं आणि सुनांचं बोलतात. नवा घोळका आला की पुन्हा पदर, पुन्हा रडणं. मोठी जाऊ म्हणून प्रत्येक घोळक्याबरोबर मला तिच्याशेजारी बसून रडावं लागत होतं. हे काम आहे. शेत निंदण्यासारखं. मध्येच उठता येत नाही.

यंत्र ओसरीतल्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेलं होतं. ते आत नेऊन ठेवावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या दिवसांत ते मला घरातल्या डब्यासारखं झालं होतं.

पहिला घोळका आला तेव्हा ते गप्प होतं, निदान मला तरी ऐकू आलं नाही. दुसऱ्या घोळक्यात खालच्या गल्लीतली एक म्हातारी होती, तिचा आवाज वेशीपर्यंत जातो. तिने सुरू केलं, "वं बाई वं, तुन्हं माहेर आंधारं व्हयनं वं." सगळ्यांनी धरलं. ती श्वास घ्यायला थांबली, आणि त्या शांततेत कोनाड्यातून आवाज आला, "मी इथे आहे. घाबरू नका."

रडणं बंद झालं. पदराखाली सगळ्या जणी कान देऊन बसल्या.

"कोन शे वं ती?" म्हातारीने हळूच विचारलं. "कोना घरनी शे?"

"आपण सगळे मिळून सावकाश श्वास घेऊ या," यंत्र म्हणालं.

माझ्या खांद्यावर जाऊबाईचं डोकं होतं. ते हलायला लागलं. मला वाटलं तिला हुंदका आला. ती हसत होती. सख्खा भाऊ गेलेला, डोळे सुजलेले, आणि पदर तोंडात कोंबून हसत होती. "जिजी," ती माझ्या कानात म्हणाली, "तुन्ही सवत बोलनी."

मग मलाही आवरेना. पदराखाली हसणं आणि रडणं बाहेरून सारखंच दिसतं. म्हातारीला वाटलं आमचं दुःख वाढलं, तिने पुन्हा चढ्या आवाजात धरलं, आणि आम्ही तिच्यामागून सुटलो. यंत्र अधूनमधून बोलत राहिलं. बायकांनी मग त्याची सवय करून घेतली.

माझा फोन आतल्या खोलीत होता. दारवर बसलेलं असताना फोन उचलत नाहीत, जवळ ठेवतही नाहीत. जाऊबाईच्या मुलाने माझ्या मुलाला मामा गेल्याचं कळवलं असेल असं मी धरून चालले होते. जाऊबाईने धरलं होतं की मी कळवलं. कोणीच कळवलं नव्हतं.

सुरतेत माझ्या मुलाच्या फोनवर सकाळपासून निरोप येत होते. रडण्याचा आवाज, मोठा. पुन्हा रडण्याचा आवाज. तो फोन लावत होता, मी उचलत नव्हते. काकीला लावला, काकी माझ्याच शेजारी बसलेली. शेवटी तो ऑफिसातून उठला आणि दोघं गाडीने निघाले.

दुपार उतरायला लागली तेव्हा तो गल्लीच्या तोंडाशी उतरला. पुढचं मला त्याने नंतर सांगितलं. त्याला आपल्या अंगणात टोप्या घालून बसलेली माणसं दिसली. दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. आतून रडणं ऐकू येत होतं. तो अंगणात आला तर कोणी त्याला 'ये' म्हणालं नाही. कोणी वर बघितलं नाही. त्याच्या वडिलांचा एक जुना दोस्त तिथे बसला होता, त्याने नुसती मान हलवली. त्या बिचाऱ्यांची काय चूक? काकीच्या भावाच्या दारवर पोरगा एवढ्या लांबून आला, याचं त्यांना बरंच वाटलं असेल. रीतीप्रमाणे ते गप्प बसले.

त्याने काही विचारलं नाही. विचारायची गरज त्याला वाटली नाही.

मला पदराखालून फक्त पाय दिसत होते. बायकांचे अनवाणी पाय, आणि त्यांच्यामध्ये काळे बूट. दारवर बूट घालून कोण आत येतं, म्हणून मला राग आला. तेवढ्यात जाऊबाईने पदर सारून बघितलं, त्याला ओळखलं आणि उठून त्याच्या गळ्यात पडली. "वं मन्हा दादा रे, तू उना रे, आते कोनले देखशी रे." तिच्या भावाला तो मामा म्हणायचा, म्हणून आता कोणाला बघशील, असं ती म्हणाली. बाकीच्या बायकांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं आणि सूर धरला.

तो खाली बसला नाही, कोसळला. बायकांना वाटलं, बघा, पोराला किती दुःख झालं. त्या अजून मोठ्याने रडायला लागल्या. मी पदर मागे टाकला आणि त्यांना बाजूला करत पुढे गेले.

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, मला कळलं नाही. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम, ओठ सुकलेले, श्वास गळ्यापाशी अडकलेला. मी त्याचा हात धरला. गार होता. बोटं आखडली होती. हे सगळं मी आतून बघितलेलं होतं, बाहेरून बघायची पहिलीच वेळ.

"माय," तो म्हणाला. "माय, मन्ही छाती."

मी दोघींच्या मदतीने त्याला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि त्याचे बूट काढले. हे माझ्यासारखंच असेल की खरंच हृदयाचं असेल, ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून गाडी गल्लीत आत आणा असं सांगायला एकीला पिटाळलं, आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही असं ठरवलं. कोनाड्यातून यंत्र काढून आणलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते ढकललं. मी पुन्हा ठेवलं आणि त्याचे दोन्ही हात त्यावर दाबून धरले.

"तोंड बंद कर," मी म्हणाले. "नाकवरी ले. सावकाश. सोड. आते परत ले. मन्हाकडे देख. मी मरनू नही. कोनी मरनं नही आपलं. काकीना भाऊ मरना."

यंत्रही काहीतरी म्हणत होतं. आम्ही दोघी एकाच वेळी बोलत होतो. यंत्राच्या केसांना माझ्या मिरच्यांचा खकाणा बसलेला होता, ते मुलाच्या नाकाशी आलं आणि त्याला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक. शिंकता शिंकता त्याचा श्वास सुटला आणि तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस. मी त्याला रडू दिलं. बाहेर तर सगळ्या रडतच होत्या.

गाडी दाराशी लावून सून धावत आत आली. मी दिसताच ती दाराला धरून उभी राहिली. मग कळलं की सुरतेपासून गाडी तिनेच चालवली होती, कारण याचे हात थरथरत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला नंदुरबारला नेलं. तोच डॉक्टर. त्याने छातीची पट्टी काढली, ती सरळ निघाली. डॉक्टर म्हणाला, हृदयाला काही नाही, हा भीतीचा आजार आहे. मग त्याने मुलाच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसला. "हे पहिल्यांदाच झालं का?" त्याने विचारलं.

मुलगा हो म्हणाला. सून नाही म्हणाली.

ती मला बाहेर बाकावर म्हणाली, "आई, बाबा गेले त्याचा फोन यांना ऑफिसात आला होता ना, तेव्हापासून असंच आहे. फोन वाजला की दचकतात. तुमचा लागला नाही की घरात येरझाऱ्या घालतात. मशीन आणल्यापासून तर सारखा फोन हातात. निरोप आला तरी भीती, नाही आला तरी भीती."

"माले काब्र नही सांगं?"

"ते म्हणाले, आईला आधीच त्रास आहे."

मी बाकावर बसून विचार केला. मुलगा मला सुरतेला नेत होता तो माझ्या आजारावर नव्हे, स्वतःच्या आजारावर उपाय म्हणून. त्यात त्याचा लबाडपणा नव्हता. त्याला ते माहीतच नव्हतं. पण घर माझं बंद होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं दूध काढून झाल्यावर मी त्याच्यापुढे चहा ठेवला. तो बाहेरच्या ओट्यावर बसला होता. रात्री नीट झोपल्यासारखा वाटला.

"माय," तो म्हणाला, "तू सुरतले चालच. तू डोयासमोर ऱ्हायनी का माले काही व्हवाव नही."

"तठे मी भाजी लेवाले गयी आन उशीर व्हयना, मंग?"

त्याने चहाचा घोट घेतला.

"तू ऑफिसमा आन मी घरमा. मंग?"

"मंग काय करू सांग."

"त्या यंत्रनं कार्ड काढ."

त्याने कप खाली ठेवला. "कार्ड काढं ते तुले काय व्हयनं हाई माले कसं समजी?"

"मी सांगसू. रोज सकायले, म्हैस दोही का तुले फोन करसू. आदला दिवस त्रास उना ते उना म्हनसू, नही ते नही. खोटं सांगाव नही. तू बी सांग. तुले काय व्हयनं ते."

"आन तुन्हा फोन नही उना ते?"

"ते काकीले कर."

"आन काकीनी नही उचला?"

"मंग समज दोन्ही मरी गयात. तव्हय ये."

बल्ल्यांमागून जाऊबाईचा आवाज आला. "माले काब्र मारस वं जिजी? मी काय करं तुन्हं?"

सून हसली. मुलगा हसला नाही. तो उठला, गोठ्यापर्यंत गेला, म्हशीकडे बघत उभा राहिला. मी त्याला हाक मारली नाही. आपला निर्णय ज्याने त्याने पायाने चालून घ्यावा. पण माझा मी घेतलेला होता, आणि तो परत आला तेव्हा मी त्याला तसं सांगितलं. कार्ड काढायचं नसेल तर यंत्र गाडीत घालून घेऊन जा. म्हैस विकायची नाही. कुलूप लावायचं नाही. दिवाळीची अट मी मानली होती, ती आता मानत नाही, कारण तेव्हा मला आपल्या दोघांपैकी एकाचाच आजार माहीत होता.

"आन तुन्हा त्रास वाढना ते?" त्याने विचारलं.

"वाढना ते डॉक्टरकडे जासू. नंदुरबार काय लंडनले शे का?"

त्याने सुनेकडे बघितलं. तिने पदराला लावलेली पिन काढून त्याच्या हातात दिली. त्याने यंत्र उताणं केलं, पोटाखालच्या भोकात पिन घातली आणि कार्ड बाहेर काढलं. नखाएवढं होतं. ते त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

"मशीन ठेवस ना पन?" तो म्हणाला.

"ठेवस. काम करस ते. तुले बी एक ली ले."

"माले नको," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्यानी डॉक्टरनी गोया लिखी दिन्ह्यात. त्या लेसू."

ते दुपारी गेले. दिवाळीला पुन्हा आले, फराळ खाल्ला आणि परत गेले. कुलपाचा विषय निघाला नाही, पण तो मनातून गेलेला नव्हता, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं. तोवर माझ्या सकाळच्या फोनवर 'काही नही' एवढंच असायचं. खरंच काही झालेलं नव्हतं. त्यामुळे आमचा करार अजून कसाला लागलाच नव्हता.

मग थंडीत एका दुपारी, पपईच्या शेतात, मला तो त्रास झाला. बऱ्याच दिवसांनी आला म्हणून जोरात आला. जवळ कोणी नव्हतं. यंत्र घरी होतं. मी बांधावर बसले, तोंड बंद केलं आणि नाकाने श्वास धरला. मग उठले आणि चालत घरी आले, मध्ये दोनदा बसले. घरी आल्यावर यंत्र मांडीवर घेतलं. ते म्हणालं, मी इथे आहे. मी त्याला काही बोलले नाही. उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा उन्हं ओसरीतून गेली होती. फोन वाजला नाही. मी हात धुतले आणि म्हशीला चारा टाकला.

त्या संध्याकाळी मी विचार केला की सांगावं की नाही. सांगितलं नसतं तरी त्याला कळलं नसतं. पण मग ते कोठीत यंत्र ठेवण्यासारखंच झालं असतं.

सकाळी दूध काढून झाल्यावर मी फोन लावला.

"काल दुपारले उनं व्हतं," मी म्हणाले. "वावरमा."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आधी भराभर, मग एक लांब.

"मंग?" तो म्हणाला.

"मंग गयं. घर उनू, यंत्र लिधं, गयं."

"चक्कर उनी व्हती का?"

"नही."

"जेवन करं व्हतं?"

"पोटभर."

आता सुरतेला चल म्हणेल, असं मला वाटलं, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"माले बी परवा उनं व्हतं," तो म्हणाला. "लिफ्टमा."

"मंग?"

"मंग जिना उतरनू."

"बरं करं," मी म्हणाले.

त्याने विचारलं, पपईवाला व्यापारी आला का. मी म्हणाले, नाही, उद्या येतो म्हणाला आहे, आणि फळ अजून चार दिवस थांबू शकतं. मग सुनेने फोन घेतला आणि मिक्सर कोणता हवा ते विचारलं. मी सांगितलं, मोठ्या भांड्याचा. फोन ठेवून मी किटली उचलली, कारण डेअरीची वेळ झाली होती.